उडीच्या आधीचं

पोहण्याच्या तलावावर त्याला सगळे बगळा म्हणायचे. हे नाव कुणी वाईट हेतूने ठेवलेलं नव्हतं. उंच लोखंडी खुर्चीवर बसून, लांबलचक तंगड्या खाली सोडून, मान जराशी पुढे काढून जो माणूस दिवसभर पाण्याकडे टक लावून बघतो, त्याला दुसरं काय म्हणणार? लग्नानंतर पंधरा दिवसांनी त्याची बायको पहिल्यांदा तलावावर आली, त्याला त्या खुर्चीवर पाहिलं आणि पोट धरधरून हसली. "अहो, नाव ठेवणाऱ्याचा सत्कारच करायला हवा," म्हणाली.

बगळा जीवरक्षक होता, चौदा वर्षांपासून. हे काम ऐकायला आरामाचं वाटतं. बसायचं आणि बघायचं, त्यात काय मोठं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एक दिवस त्या खुर्चीवर बसवावं आणि संध्याकाळी त्यांचे डोळे बघावेत. इथे बघणं म्हणजे मोजणं. पाण्यात किती डोकी आहेत ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजायचं, आणि मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून. या तलावावर टोपीशिवाय पाण्यात उतरायला मनाई, त्यामुळे जीवरक्षक खरं तर टोप्याच मोजतात. पांढरी, निळी, निळी, पिवळी. टोपी दिसली म्हणजे खाली डोकं असणारच, यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही.

त्या दुपारी पाण्यात तेवीस माणसं होती. चारची उन्हं तिरपी होऊन पाण्यावर नुसती चमचम चालली होती. बगळ्याने मोजलं, तेवीस भरले. दुसऱ्या फेरीला सुरुवात केली तेव्हा खोल बाजूची एक पांढरी टोपी त्याला विचित्र वाटली. ती दोरीला लागून कलंडली होती आणि तिच्या खाली खांदे नव्हते. मग त्याने उडी मारली. तळाशी एक भलामोठा टकला माणूस निजल्यासारखा पडला होता. बगळ्याने त्याला वर आणलं, काठावर घेतलं, तोंडाने श्वास भरला, छाती दाबली, आणि शेवटी एकदाचं त्या माणसाने खोकून पाणी टाकलं. दोन दिवस दवाखान्यात राहून तो स्वतःच्या पायांनी घरी गेला.

म्हणजे गोष्ट गोड झाली. सगळ्यांसाठी झाली, एकट्या बगळ्यासाठी नाही. कारण पहिल्या फेरीत तेवीस भरले होते ते ती टोपी धरून, हे फक्त त्याला माहीत होतं. माणूस तळाशी होता आणि वर तरंगणारी त्याची टोपी बगळ्याने माणूस म्हणून मोजली होती. जीवरक्षकाची याहून मोठी चूक नसते. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

तलावाच्या व्यवस्थापकांनी छोटासा समारंभ केला. प्रमाणपत्र, काचेची चौकट, फोटो, आणि भाषणं तीन. भाषण करायला मिळतंय म्हटल्यावर काही लोकांना पाण्याची खोलीसुद्धा आठवत नाही. एकाने तलाव समुद्राएवढा करून टाकला. दुसऱ्याच्या भाषणात 'घारीची नजर' असा शब्द आला आणि बगळ्याला तिथेच मळमळायला लागलं. "दोन शब्द बोला की," असा आग्रह झाला तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "मी उडी मारली, एवढंच." किती नम्र माणूस, म्हणून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

वाचलेल्या माणसाचं बाजारात गाद्या-उशांचं दुकान होतं. गुरुवारी दुकान बंद असे. समारंभानंतरच्या पहिल्याच गुरुवारी गादीवाले बगळ्याच्या घरी हजर झाले, काखेत कोरी करकरीत उशी. पुढच्या गुरुवारी पुन्हा आले, पुन्हा उशी. मग तो शिरस्ताच पडला. कापसाची, फोमची, मानदुखीवाल्यांसाठी मधे खळगा असलेली, प्रवासात गळ्यात अडकवायची. नको म्हटलं की म्हणायचे, "भाऊ, तुम्ही जीवदान दिलंत, मी उशीसुद्धा देऊ नको?" मग सोफ्यावर बसायचे, चहा घ्यायचे, हवापाण्याचं थोडं बोलायचे आणि तासाभराने जायचे.

"घरात डोकी तीन आणि उशा चौदा," बायको म्हणाली. बारा वर्षांच्या लेकीने त्यातल्या दहा खोलीत नेऊन त्यांचा डोंगर केला आणि त्यावर पडून ती अभ्यास करू लागली, म्हणजे झोपू लागली. दोघी हसत होत्या. बगळा मात्र गुरुवारी दाराची घंटा वाजली की हात धुवायला म्हणून आत जायचा आणि बराच वेळ हातच धूत राहायचा.

हळूहळू हसू कमी झालं. बगळा घरातही मोजायला लागला. जेवताना तीन डोकी, बाजारात तीन डोकी, रस्ता ओलांडताना आधी तीन, मधे तीन, पलीकडे तीन. लेक आंघोळीला गेली की दोन मिनिटांत दार वाजवायचा. "आहेस ना?" आतून, "आहे रे बाबा!" पुन्हा दोन मिनिटांनी, "आहेस ना?" एकदा तिच्या कानात साबणाचा फेस होता, तिने उत्तर द्यायला जरा उशीर केला, तर याने खांद्याने धक्का देऊन कडी उखडली. बिचारी टॉवेल घट्ट धरून रडकुंडीला आली. त्यानंतर मायलेकींनी आपसात ठरवून टाकलं की बाबाने विचारलं की लगेच ओ द्यायची, विचारलं नाही तरी मधूनमधून आपणहून द्यायची. मायेपोटीच केलं त्यांनी. घरभर दिवसभर "आहे, आहे" चाललेलं असायचं.

तलावावर तर शिट्टीचा नुसता कहर झाला. कुणी बुडी मारली की शिट्टी, कुणी दम खायला काठाला टेकलं की शिट्टी. आणि मग आल्या बाई. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, बगळाही. रोज सकाळी त्या पाण्यावर पाठ टेकून, डोळे मिटून अर्धा तास नुसत्या तरंगायच्या. एका सकाळी बगळ्याने कपड्यांसकट उडी मारली आणि त्यांना हनुवटीला धरून ओढत काठावर आणलं.

"अरे मेल्या, मी विश्रांती घेतेय!" बाई ओरडल्या.

असं एका आठवड्यात तीनदा झालं. तिसऱ्या वेळी बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या थरथरत्या हातांकडे बघितलं आणि व्यवस्थापकांशी जाऊन बोलल्या. व्यवस्थापकांनी त्याला तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. "तब्येत दाखव," ते म्हणाले, "डॉक्टरांची चिठ्ठी आण, खुर्ची तुझीच आहे. चिठ्ठी नाही तर खिडकी." चौदा वर्षं पाण्याकडे बघणारा माणूस आता भिंतीकडे बघत तिकिटं फाडू लागला आणि भिंतीमागून येणारा पाण्याचा प्रत्येक आवाज कान टवकारून ऐकू लागला. खुर्ची गेली तर आपण कोण, हे त्याला सुचेना. आणि खुर्ची मिळाली तर तिथे बसणार कसं, हेही सुचेना.

त्याची बायको दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचं काम करायची. एका संध्याकाळी भाजी निवडताना तिने विषय काढला.

"अहो, आमच्याकडे फोन येतात ना, त्यातला प्रत्येक माणूस आधी सांगतो, तसं विशेष काही नाही, सहज दाखवून घ्यावं म्हटलं. विशेष काही नसणारा माणूस फोन करेल का?"

"माझा दात नाही दुखत."

"दात असता तर कधीच कान धरून नेलं असतं."

त्याने एक जुडी पुढे ओढून सोडली. मग म्हणाला, "मला काय झालंय पण? बुडाले ते. मी तर काठावर होतो. जायचं तर त्यांनी जावं डॉक्टरकडे."

"त्यातलं मला कळत नाही," ती म्हणाली. "मला एवढं कळतं की चौदा वर्षांत घरी येऊन तुम्ही कधी आम्हाला मोजलं नव्हतं." तिने हातातली सुरी खाली ठेवली. "मला माझा नवरा परत हवाय. आळशी, घोरणारा, पंखा बंद करायला विसरणारा. तोच हवाय मला."

तिने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून पत्ता मिळवून ठेवलाच होता, आणि मंगळवारची वेळही घेऊन ठेवली होती. नावं लिहून घेणारी माणसं या बाबतीत फार तरबेज असतात.

पत्ता चष्म्याच्या दुकानाच्या वरचा होता. एक मजला चढून गेलं की बाहेर बाक, आत खोली, खोलीत दोन खुर्च्या आणि पन्नाशीच्या एक समुपदेशक. बगळ्याने बसल्या बसल्या विचारलं, "मॅडम, तुम्हाला पोहता येतं?"

"अजिबात नाही. गुडघाभर पाण्यातसुद्धा मी कुणाचा तरी हात धरते."

आता यांना मी काय सांगणार आणि या मला काय सांगणार, असं त्याच्या मनात आलं. तरी त्याने सांगितलं. "मी उडी मारली. माणूस तळाशी होता. वर आणला. वाचला." मॅडमनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, मोजण्याचं विचारलं, न्हाणीघराच्या कडीचं ऐकून त्या हसल्या नाहीत याचं त्याला बरं वाटलं. दुसऱ्या मंगळवारी त्याने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या मंगळवारी त्या म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही दर वेळी उडीपासून सुरुवात करता. उडीच्या आधीचं सांगाल?"

"ऊन होतं," बगळा म्हणाला, आणि पुढे त्याची दातखीळ बसली.

चौथ्या मंगळवारी तो वर गेलाच नाही. खालच्या चष्म्याच्या दुकानात शिरला आणि तासभर एकेक फ्रेम डोळ्यांवर चढवून आरशात बघत बसला. दुकानदाराने नंबर विचारला, तो म्हणाला नंबर नाही. मग चष्मा कशाला हवाय, असं विचारल्यावर काहीतरी घ्यायला हवं म्हणून त्याने काच पुसायचं फडकं घेतलं. घरी येऊन बायकोला म्हणाला, "आज छान झालं बोलणं." तिने खिशातून डोकावणारं फडकं बघितलं. चौदा वर्षांत या माणसाला एकही थाप धड मारता आली नव्हती.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "एक मजला वर चढा."

पाचव्या मंगळवारी तो चढला. बसला. खिडकीकडे बघत म्हणाला, "मॅडम, मी टोपी मोजली." आणि मग सगळं बाहेर पडलं. तिरपं ऊन, चमचमणारं पाणी, तेवीस, दोरीला लागलेली पांढरी टोपी. सांगताना त्याचे तळवे ओले झाले, श्वास अर्ध्यावर अडकायला लागला. मॅडमनी त्याला थांबवलं, पाय जमिनीवर टेकवायला सांगितले, खोलीतल्या चार वस्तूंची नावं घ्यायला लावली, आणि मग म्हणाल्या, "आता पुढे."

"ते खाली होते आणि मी वर बसून मोजत होतो. पाच मिनिटं. दहा मिनिटं असतील."

"तेवीस मोजायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मॅडमनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "तिथे मोजता तसंच मोजा. डोळ्यांसमोर तलाव आणा आणि मोजा."

त्याने मोजलं. अठरा सेकंद झाले होते. त्याचा विश्वास बसेना, त्याने पुन्हा मोजलं. सतरा झाले. मग तो रडला. चांगला मोठा बाप्या माणूस, गुडघे छातीशी घेऊन हमसून हमसून रडला.

"ते आधीपासून खाली असतील तर?" त्याने नाक पुसत विचारलं.

"असू शकतील. ते आपल्याला कधीच कळणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुमची चूक झालीच नाही, असं मी म्हणणार नाही. तुम्ही टोपी मोजली, ते खरं आहे. अठरा सेकंदांनी तुम्ही पुन्हा बघितलं आणि ओळखलं, तेही तितकंच खरं आहे. पहिलं तेवढं तुम्ही धरून ठेवलंय."

"पण मी तर बुडालो नव्हतो. मला का व्हावं हे सगळं?"

"असा घाव काठावरच्यालाही बसतो. माणूस वर आला, हे तुमच्या डोक्याला माहीत आहे. शरीराला अजून पटलेलं नाही. ते अजून तिथेच उभं राहून पहारा देतंय. त्याला हळूहळू समजवावं लागेल."

समजावणं म्हणजे काय, ते पुढच्या मंगळवारपासून कळलं. पहिलं काम न्हाणीघराच्या दाराचं होतं. लेकीने ओ द्यायची नाही आणि याने आठ मिनिटं दाराला हात लावायचा नाही. "बाबा, मी आता उत्तर देणार नाहीये हं! मॅडमनी सांगितलंय!" लेक आतून दर दोन मिनिटांनी ओरडून सांगायची. तिला गप्प बसवायला आईला आठवडा लागला. त्या शांततेत बगळा भिंतीला पाठ लावून घाम गाळत उभा राहायचा. पहिल्या दिवशी चार मिनिटं निघाली. दहाव्या दिवशी आठ झाली आणि लेक बाहेर आली तेव्हा त्याने तिचं ओलं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाला, "शहाणी गं माझी." ती म्हणाली, "बाबा, मी फक्त आंघोळ केली."

मग तलाव. यासाठी बाई आपणहून पुढे आल्या. "मी पडते, तू बस," त्या म्हणाल्या. "दोघांचंही काम निवांतच आहे." बगळा शिट्टीशिवाय काठावर बसला, कठडा पकडून. बाई डोळे मिटून तरंगल्या. एक मिनिट. दुसऱ्या दिवशी दोन. मधेच त्याचं सगळं अंग उडी मारायला तयार व्हायचं, आणि बाई डोळे न उघडताच विचारायच्या, "अजून आहे ना मी?" याला हसू यायचं. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी बाईंना गप्प तरंगायचा निरोप पाठवला. शिकवणाऱ्या माणसाला गप्प राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच, पण बाईंनी तीही सोसली. सहाव्या आठवड्यात बाई अर्धा तास तरंगल्या आणि बगळा अर्धा तास बसून राहिला. मॅडमच्या शिफारशीवरून डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. तो रोज सकाळचे दोन तास खुर्चीवर बसू लागला, आणि मोजताना आता टोपीखालचे खांदेही बघू लागला.

गुरुवार मात्र तसाच होता. गादीवाले आत येत, उशी ठेवत, त्याच्याकडे बघत, आणि त्या बघण्यात इतकी माया असे की बगळ्याला तोंड लपवावंसं वाटे.

"त्यांना सांगायचंय," तो मॅडमना म्हणाला.

"कुणासाठी?"

याचं उत्तर द्यायला त्याने आठवडा घेतला. "जीव त्यांचा होता. त्यांना माहीत असायला हवं. आणि खोट्या मायेखाली मला नाही राहता येत."

"ते रागावले तर? तुम्हाला चालेल?"

"नाही चालणार," बगळा म्हणाला. "पण सांगतो."

आधी बायकोला सांगितलं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना. तिने सगळं ऐकून घेतलं, चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं. घडी घालून झाली. मग म्हणाली, "म्हणून त्या समारंभात तुम्हाला मळमळलं होय. मी उगीच त्या चहाला नावं ठेवली." आणि चादर बाजूला टाकून तिने त्याला जवळ घेतलं. एवढे दिवस हे ओझं त्याने एकट्याने वाहिलं याचाच तिला राग आला होता, आणि तोही तिने बोलून दाखवला.

गुरुवारी गादीवाले सोफ्यावर बसले, उशी मांडीवर. बगळा त्यांच्यासमोर स्टुलावर बसला आणि उडीच्या आधीचं सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

"माझी टोपी?" गादीवाल्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे मी खाली होतो, आणि तुम्ही मला मोजून मोकळे झाला होतात."

"हो, शेठ."

गादीवाले उठले. चहा तसाच राहिला. त्यांनी चपला घातल्या, आणि मांडीवरून उचललेली उशी काखेत धरून ती तशीच घेऊन निघून गेले.

पुढच्या गुरुवारी घंटा वाजली नाही. इतके महिने जी वाजू नये म्हणून तो मनातल्या मनात विनवायचा, तिच्यासाठी बगळा दिवसभर दाराकडे कान लावून बसला. मॅडमना त्याने सांगितलं, गेले ते. मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्ही?" तो म्हणाला, "मी आहे. वाईट वाटतंय फार. पण हात थरथरत नाहीत." वाईट वाटणं आणि हात थरथरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचं त्यालाच बोलताना नवल वाटलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी घंटा वाजली. गादीवाले दारात उभे होते, रिकाम्या हातांनी. आत आले, बसले, आणि कुणी काही विचारायच्या आत बोलायला लागले.

"भाऊ, पंधरा दिवस मी रागावलो होतो. गिऱ्हाइकांवर ओरडलो, घरात ओरडलो. खोटं कशाला सांगू, ओरडून फार बरं वाटलं. इतके महिने मला कुणी रागावूच देत नव्हतं. जो तो म्हणतो, नशीबवान आहात. नशीबवान माणसाने कुरकुर कशी करायची?" त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घासले. "मी झोपत नाही, भाऊ. आडवा झालो की वर पाणी दिसतं. लोकांना गाद्या विकतो आणि स्वतः खुर्चीत बसून रात्र काढतो. बायकोला सांगितलंय, पाठीसाठी चांगलं असतं."

बगळ्याने चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"मी इथे आभार मानायला येतो असं तुम्हाला वाटलं ना? आभार तर पहिल्या गुरुवारीच मानून झाले. तुमच्यासमोर बसलं की तासभर छाती मोकळी राहते. वाटतं, हा माणूस समोर आहे, आता मला काय होतंय. तेवढ्यासाठी यायचो. आता रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून उशी."

ज्याच्या नजरेला नजर देणं बगळा टाळत होता, तो माणूस त्याच नजरेच्या आधाराला आठवड्यातून एकदा येऊन बसत होता. बगळ्याला हसू आलं आणि त्याच्या आगेमागेच डोळे भरून आले. त्याने स्टूल पुढे ओढलं.

"त्या तुमच्या मॅडम," गादीवाले खाली बघत म्हणाले, "मला घेतील का? नाही म्हणजे, तुमचं ठीक आहे, तुम्ही केवढं केलंत. मी काही केलंच नाही. मी नुसता बुडालो."

"तेवढं पुरतं, शेठ," बगळा म्हणाला.

मंगळवारी दोघं मिळून जिना चढले. गादीवाल्यांना धाप लागली, त्यांनी ती जिन्यावर ढकलली. दाराशी येऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही थांबाल ना?"

"थांबतो."

दार लागलं. बगळा बाहेरच्या बाकावर बसला. पहिल्या काही मिनिटांत त्याला सारखं वाटत राहिलं की आतून काहीच आवाज येत नाही, एकदा वाजवून बघावं. त्याने हात मांडीवर ठेवले. आत एक माणूस आहे, तो दिसत नाही, आणि त्याच्यासोबत दुसरं कुणीतरी आहे. एवढं त्याने स्वतःला एकदा सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं. मग भिंतीला डोकं टेकलं.

जाग आली तेव्हा त्याचं डोकं भिंतीवर नव्हतं, एका रुंद, मऊ खांद्यावर होतं. आतल्या खोलीतला दिवा बंद झालेला, दाराला कुलूप, मॅडम केव्हाच घरी गेलेल्या. शेजारी गादीवाले ताठ बसले होते, खांदा हलू नये म्हणून अवघडून.

"किती वेळ झाला?" बगळा दचकून उठला.

"तास होऊन गेला."

"अहो, मग मला उठवायचं नाही का?"

"उठवणारच होतो," गादीवाले म्हणाले. त्यांचे डोळे रडून लाल झाले होते आणि चेहरा पाऊस पडून गेलेल्या अंगणासारखा स्वच्छ दिसत होता. "मग म्हटलं, झोपू दे माणसाला. तोवर मी बसतो लक्ष ठेवून."